क्रिकेटची सरासरी : एका भागाकाराचा इतिहास

शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत क्रिकेटवर लेख, आणि तोही त्यातल्या एका भागाकारावर, हे पाहून काहींना नवल वाटेल. मुलांनी खेळ कमी करावा आणि पुस्तक जास्त हाती घ्यावे असे आपण घरोघरी सांगत असतो. परंतु ज्या खेळाने मुलांच्या जिभेवर आकडे आणून ठेवले, त्याच खेळाच्या हाताला धरून त्यांना गणितापर्यंत नेता आले तर ते का सोडावे, हा विचार मनात आला आणि हा लेख लिहावयास घेतला. गणिताबरोबर थोडा इतिहासही सांगणार आहे, आणि शेवटी आपल्या घरातली एक गोष्टही.

आपल्या जिल्ह्यात सोयाबीन निघाले, कापसाची पहिली वेचणी घरात आली आणि हवेत गारवा आला की परभणीपासून सेलू, मानवत, जिंतूर, गंगाखेडपर्यंत जिथे सपाट जागा दिसेल तिथे स्टंप रोवले जातात. त्या मैदानाच्या कडेला थोडा वेळ उभे राहून पाहा. ‘सचिनची कसोटीतली सरासरी ५३.७८ आहे’ असे दहा वर्षांचा मुलगा छातीठोकपणे सांगतो. आकडा बरोबर आहे. पण ‘हा आकडा आला कसा?’ असे त्यालाच विचारा. बहुतेक मुले म्हणतील, ‘एकूण धावा भागिले सामने.’ सचिन तेंडुलकर २०० कसोटी सामने खेळला आणि त्याने १५९२१ धावा केल्या. भागून पाहा, उत्तर ७९.६० येते. मग एखादा हुशार मुलगा म्हणेल, ‘नाही, धावा भागिले डाव.’ डाव ३२९. भागाकार ४८.३९. तेही चुकले. ५३.७८ कुठेच दिसत नाही. या दोन चुकीच्या उत्तरांच्या आणि तिसऱ्या बरोबर उत्तराच्या मध्ये जे आहे, तोच आजचा विषय.

प्रथम शब्दाबद्दल दोन ओळी. आपल्या जिल्ह्यात मराठी शाळेतला मुलगा ज्याला ‘सरासरी’ म्हणतो, त्याला उर्दू शाळेतला त्याचा शेजारी ‘औसत’ म्हणतो. मौज अशी की, मराठीतला ‘सरासरी’ हा शब्द फारसीतून आलेला आहे, तर उर्दूतला ‘औसत’ अरबीतून. त्याच्या मुळाशी ‘वसत’ म्हणजे ‘मध्य’ हा अर्थ आहे. म्हणजे दोन शाळांतली दोन मुले वेगवेगळे शब्द उच्चारून एकच गणित करतात, आणि दोन्ही शब्द दूरदेशीचा प्रवास करून त्यांच्या पाटीवर आलेले असतात.

हिशोब कसा करावयाचा

नियम एका वाक्याचा आहे. फलंदाजाने केलेल्या एकूण धावांना, तो जितक्या वेळा बाद झाला त्या संख्येने भागावे. सामन्यांनी नव्हे, डावांनीही नव्हे, बाद होण्याच्या संख्येने. एकूण डावांतून नाबाद डाव वजा केले की ही संख्या मिळते. तेंडुलकरचे ३२९ डाव, त्यांतले ३३ नाबाद; राहिले २९६. आता १५९२१ ला २९६ ने भागा. ५३.७८ हजर.

हे नीट ठसावे म्हणून आपल्या महाराष्ट्राच्याच एका मुलाचे उदाहरण घेऊ. १९७१ साली अजित वाडेकरच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ वेस्ट इंडीजला गेला. त्या दौऱ्यात २१ वर्षांच्या सुनील गावसकरने कसोटी पदार्पण केले. चार कसोटींत त्याच्या आठ डावांतल्या धावा अशा होत्या : ६५, नाबाद ६७, ११६, नाबाद ६४, १, नाबाद ११७, १२४ आणि २२०. कागद-पेन्सिल घेऊन बेरीज करा. ७७४ येते. आठ डाव, त्यांत तीन नाबाद. म्हणजे तो पाच वेळा बाद झाला. ७७४ भागिले ५, सरासरी १५४.८०.

आता एक गोष्ट ध्यानात आली का? आठ डावांपैकी फक्त एका डावात, २२० च्या डावात, त्याने १५४ च्या वर धावा केल्या. उरलेले सातही डाव त्याहून लहान, तरी सरासरी १५४! शाळेतल्या साध्या सरासरीने या आकड्यांतून १५४ येणे शक्य नाही. आठ डावांनी भागले असते तर ९६.७५ आले असते. मग खरे कोणते? दोन्ही आकडे खरे आहेत; फक्त ते दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. ‘एका डावात साधारण किती धावा झाल्या?’ या प्रश्नाचे उत्तर ९६.७५. ‘प्रतिपक्षाला त्याचा एक बळी मिळेपर्यंत तो साधारण किती धावा काढत असे?’ याचे उत्तर १५४.८०. क्रिकेटने दुसरा प्रश्न निवडला.

तो का निवडला, हेही समजून घ्या. सातव्या क्रमांकाचा फलंदाज खेळावयास आला तेव्हा विजयाला तीनच धावा हव्या होत्या. त्याने तीन धावा काढल्या आणि सामना संपला. यापुढे त्याने किती काढल्या असत्या कोण जाणे. त्याचा डाव संपला नाही, थांबला. तीन धावांवर बाद झालेल्या फलंदाजाशेजारी त्याला बसवणे अन्यायाचे होईल. म्हणून त्याच्या तीन धावा वरच्या अंकात मिळवावयाच्या, पण खालच्या अंकात त्या डावाचे ओझे त्याच्यावर टाकावयाचे नाही. दुखापत होऊन तंबूत परतलेल्या, म्हणजे ‘रिटायर्ड हर्ट’ फलंदाजालाही हाच न्याय, तोही नाबादच. आणि ज्याची फलंदाजीची पाळीच आली नाही, त्याच्या नावापुढे ‘फलंदाजी केली नाही’ एवढेच लिहितात. तो या हिशोबात ना वर, ना खाली. हा शेवटचा शेरा लक्षात ठेवा. त्याच्याकडे आपणांस परत यावयाचे आहे.

ही रीत आली कोठून

आज आपणांस वाटते की ही रीत क्रिकेटबरोबरच जन्मली असावी. तसे नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये सॅम्युअल ब्रिचर नावाचा धावलेखक लॉर्ड्सच्या एम. सी. सी. क्लबसाठी धावा टिपत असे. १७९० पासून त्याने त्या हंगामागून हंगाम छापून प्रसिद्ध केल्या. धावा छापून हाती आल्या म्हणजे माणसाला तुलना सुचते, आणि तुलना सुचली की भागाकार आलाच.

आरंभी हा भागाकार धावा आणि सामने किंवा धावा आणि डाव असाच होता, आणि दशांश चिन्हही वापरीत नसत. भागाकार व बाकी शेजारी-शेजारी लिहीत. समजा २० डावांत ४१३ धावा झाल्या, तर सरासरी ‘२० – १३’ अशी छापली जाई. म्हणजे डावामागे २० आणि वर उरल्या १३. आपल्या जुन्या पिढीने पाटीवर भागाकार शिकताना बाकी जशी बाजूला मांडली, तशीच ही मांडणी. नाबाद डाव वजा करण्याची पद्धत पुढे एकोणिसाव्या शतकातच हळूहळू रूढ झाली आणि दशांशही आले. म्हणजे सरासरीचा नियम आकाशातून पडलेला नाही. माणसांनी अनुभवाने ‘हे न्यायाचे’ असे मान्य करीत करीत तो बसविला आहे.

या नव्या मोजमापाचे पहिले मोठे नाव म्हणजे डब्ल्यू. जी. ग्रेस. १८७१ च्या एकाच हंगामात त्याने २७३९ धावा ७८.२५ च्या सरासरीने काढल्या, आणि तेही खडबडीत खेळपट्ट्यांवर. ही कल्पना समुद्र ओलांडून अमेरिकेतही गेली. हेन्री चॅडविक हा मूळचा इंग्रज वार्ताहर न्यूयॉर्क भागात आधी क्रिकेटवर लिहीत असे. त्याने पुढे बेसबॉलला सरासरीचा नाद लावला.

आणि या भागाकाराची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट १४ ऑगस्ट १९४८ ची. ऑस्ट्रेलियाचा डॉन ब्रॅडमन लंडनच्या ओव्हल मैदानावर शेवटच्या कसोटीत उतरला, तेव्हा त्याच्या ६९९६ धावा झाल्या होत्या आणि तो ६९ वेळा बाद झाला होता. सरासरी १०१.३९. एरिक हॉलीजच्या दुसऱ्याच चेंडूवर त्याचा त्रिफळा उडाला. वरचा अंक जागेवर राहिला, खालचा ७० झाला. ६९९६ भागिले ७०, सरासरी ९९.९४. चार धावा मिळाल्या असत्या तर ७००० भागिले ७०, नेमके १००. इंग्लंड त्या सामन्यात डावाने हरले, त्यामुळे ब्रॅडमनला दुसरी पाळी मिळालीच नाही. आणखी एक बारकावा पाहा : त्या डावात शून्यावर का होईना, तो नाबाद राहिला असता तर सरासरी १०१.३९ च राहिली असती. एकही धाव न काढणाऱ्याची सरासरी घसरली ती धावा न झाल्यामुळे नव्हे, बाद झाल्यामुळे. मुलांना छेद आणि अंश समजावून सांगावयाचे असतील तर यापेक्षा चांगले उदाहरण कोणते?

मुंबईचे मैदान आणि इब्राहीमचे ७०९

आता आपल्या मुलुखाकडे येऊ. मुंबईत पारशी समाजाने १८४८ मध्ये ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला, तेव्हापासून हिंदी माणसाच्या क्रिकेटचा इतिहास धरतात. मुस्लिम समाजाच्या बाबतीत एक गोष्ट आपल्यासारख्या संस्थेने आवर्जून आठवावी अशी आहे. १८७४ साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम ही शिक्षणसंस्था ज्यांनी उभी केली, त्यांत बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी हे अग्रभागी होते, आणि त्याच तय्यबजी घराण्याचा हात मुंबईतल्या मुस्लिम क्रिकेटच्या उभारणीतही होता. शाळा आणि मैदान ही एकमेकांची वैरीण आहेत असे त्या पिढीला वाटले नाही. पुढच्या काळात कसोटीपटू वसीम जाफर याच अंजुमनच्या शाळेतून पुढे आला. प्रथम श्रेणीत त्याच्या १९४१० धावा आहेत, सरासरी ५०.६७.

मुंबईच्या सुप्रसिद्ध सामन्यांत युरोपियन, पारशी आणि हिंदू संघांच्या जोडीला १९१२ मध्ये मुस्लिम संघ आला, तेव्हा ते सामने चौरंगी झाले. १९३७ मध्ये ‘रेस्ट’ म्हणजे इतरांचा संघ आला आणि ते पंचरंगी झाले. धर्मावर संघ पाडण्याची ती रीत १९४६ मध्ये बंद झाली, हे योग्यच झाले. तरीही त्या मैदानावर झालेला खेळ हा आपला सर्वांचा वारसा आहे. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाकडून विजय मर्चंटने नाबाद २५० धावा केल्या. उत्तरादाखल सांगलीत जन्मलेल्या विजय हजारेने इतरांच्या संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्याने ३०९ काढल्या, तरी त्याचा संघ डाव आणि ६१ धावांनी हरला. एका वर्षाने, १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात, मुस्लिम संघाने हिंदू संघाला एका बळीने हरविले. त्यात शेवटपर्यंत एक बाजू लावून धरणारा फलंदाज नाबाद १३७ वर राहिला. त्याचे नाव के. सी. इब्राहीम.

हे नाव आज आपल्या मुलांना ठाऊक नाही, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबतो. इब्राहीमचा जन्म १९१९ मध्ये मुंबईत झाला. १९४७-४८ च्या हंगामात त्याने प्रथम श्रेणी सामन्यांत लागोपाठ असे डाव खेळले : नाबाद २१८, नाबाद ३६, नाबाद २३४, नाबाद ७७. चार डाव, ५६५ धावा, आणि बाद एकदाही नाही. मुलांनो, आता या चार डावांची सरासरी काढा पाहू! ५६५ भागिले शून्य.

इथे भले भले अडतात. कोणी म्हणतो ५६५, कोणी म्हणतो शून्य, कोणी म्हणतो अनंत. यांतले एकही बरोबर नाही. शून्याने भागताच येत नाही. या प्रश्नाला उत्तरच नाही. म्हणून नोंदवहीत अशा फलंदाजाच्या सरासरीच्या रकान्यात नुसती आडवी रेघ ओढतात. ती रेघ म्हणजे अपयश नव्हे आणि कौतुकही नव्हे. ती सांगते की, या माणसाला मोजण्याची वेळ अजून आलेली नाही.

पाचव्या डावात इब्राहीम १४४ वर बाद झाला. दोन वेळा बाद होण्याच्या दरम्यान एकंदर ७०९ धावा! प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये हा विक्रम म्हणून नोंदला गेला. त्या संपूर्ण हंगामात त्याने ११७१ धावा काढल्या, सरासरी १६७.२८. तुम्हीच उलटा हिशोब करून पाहा : तो वर्षभरात सातच वेळा बाद झाला होता.

पुढच्याच हंगामात वेस्ट इंडीजविरुद्ध तो कसोटीत उतरला. दिल्लीच्या पहिल्या सामन्यात ८५ आणि ४४. त्यानंतरच्या सहा डावांत मिळून अवघ्या ४० धावा. चार कसोटी, आठ डाव, १६९ धावा, सरासरी २१.१२, आणि कसोटीचे दार बंद झाले. प्रथम श्रेणीतली त्याची सरासरी मात्र ६१.२४ आहे. नंतर तो पाकिस्तानात गेला आणि २००७ मध्ये कराचीत वारला. ६१.२४ चा इब्राहीम आणि २१.१२ चा इब्राहीम ही दोन माणसे नव्हेत. एकच माणूस, दोन निरनिराळ्या खालच्या अंकांनी मोजलेला.

विजय मर्चंटचेही असेच काहीसे आहे. त्याची प्रथम श्रेणी सरासरी ७१.६४. दीर्घकाळ खेळलेल्यांत ब्रॅडमनच्या ९५.१४ नंतर त्याचेच नाव घेतले जाते. पण ऐन उमेदीची वर्षे महायुद्धात गेली, आणि त्याच्या वाट्याला कसोटी आल्या फक्त दहा.

हैदराबादचा वारसा

कोणी म्हणेल, ही सारी मुंबईची गोष्ट. आपल्या परभणीचे काय? १९४८ पर्यंत आपला जिल्हा निजामाच्या संस्थानात होता आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. तेव्हा त्या काळापुरते हैदराबादचे क्रिकेट हेच आपल्या राज्याचे क्रिकेट. तेथे नवाब मोईनुद्दौला यांच्या नावाचा सुवर्णचषक १९३०-३१ पासून सिकंदराबादेत सुरू झाला आणि देशातले मोठमोठे खेळाडू तिकडे येऊ लागले. १९३७-३८ मध्ये हैदराबादने नवानगरला अंतिम सामन्यात एका बळीने हरवून रणजी करंडक जिंकला. त्यात एदलजी आयबाराने नाबाद १३७ धावा केल्या. त्या १३७ धावा आयबाराच्या वरच्या अंकात गेल्या, खालच्या अंकात काहीच गेले नाही. पण हाती आलेला करंडक सरासरीच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही.

त्याच हैदराबादने पुढे अब्बास अली बेग दिला. १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये पदार्पणाच्या कसोटीत त्याने ११२ धावा काढल्या. कारकीर्दीची कसोटी सरासरी मात्र २३.७७. मन्सूर अली खान पतौडीही पुढे हैदराबादकडून खेळला. १९६१ च्या मोटार अपघातात त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली, तरी तो ४६ कसोटी खेळला आणि ३४.९१ ची सरासरी राखून गेला. तक्त्यात ३४.९१ लिहिलेले असते. एका डोळ्याचा रकाना तक्त्यात नसतो. आणि महंमद अझरुद्दीन : १९८४-८५ मध्ये पहिल्या तीनही कसोटींत शतके, ११०, ४८, १०५, १२२ आणि नाबाद ५४. पाच डाव, ४३९ धावा, एकदा नाबाद. सरासरी तुम्ही काढा. (१०९.७५ आली तर बरोबर.) ९९ कसोटींनंतर ती ४५.०३ वर स्थिरावली. थोड्या डावांची सरासरी पहाटेच्या थंडीसारखी असते. तिच्यावरून दिवसाचा अंदाज करू नये.

आकडा कुठे फसवतो

थोड्या डावांची गोष्ट निघालीच आहे, तर दोन टोके पाहा. वेस्ट इंडीजचा अँडी गँटॉम १९४८ मध्ये एकच कसोटी खेळला, एकच डाव, ११२ वर बाद. सरासरी ११२, म्हणजे ब्रॅडमनच्याही वर! आपल्या कोकणातल्या चिपळूणजवळच्या कालुस्ते गावचा गुलाम परकार १९८२ मध्ये लॉर्ड्सवर एकच कसोटी खेळला. ६ आणि १ धाव. सरासरी ३.५०. मुंबईसाठी वर्षानुवर्षे सलामीला उभा राहिलेला आणि चित्त्यासारखे क्षेत्ररक्षण करणारा हा खेळाडू साडेतीन धावांचा होता असे कोण म्हणेल?

१९५३ मध्ये ऑस्ट्रेलियाचा गोलंदाज बिल जॉन्स्टन इंग्लंडच्या दौऱ्यात १७ डाव खेळला, त्यांत १६ वेळा नाबाद राहिला आणि त्याच्या एकंदर धावा झाल्या १०२. सरासरी १०२! तो अकराव्या क्रमांकाचा फलंदाज होता. सहकारी बाद होत गेले आणि हा उभा राहिला, एवढेच. उलट आपला सलीम दुराणी घ्या. कसोटी सरासरी २५.०४. पण १९७३ मध्ये कानपूरच्या कसोटीतून त्याला वगळले तेव्हा ‘दुराणी नाही तर कसोटी नाही’ असे फलक लोकांनी झळकविले. लोकांना काय ठाऊक होते ते पंचवीस या आकड्याला ठाऊक नव्हते.

आणखी एक चूक शिक्षकांनीसुद्धा टाळावी अशी आहे. एका फलंदाजाची एका हंगामातली सरासरी ६० आणि दुसऱ्यातली २०. तर दोहोंची मिळून ४० असे म्हणू नये. पहिल्या हंगामात तो दोनदाच बाद झाला असेल, म्हणजे धावा १२०. दुसऱ्यात दहा वेळा, म्हणजे धावा २००. एकूण ३२० भागिले १२, सरासरी २६.६६. सरासरींची सरासरी काढू नये. मूळ आकड्यांकडे परत जावे.

आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे समजावण्यास क्रिकेटचीही गरज नाही. गावाची पैसेवारी ५० पैशांच्या वर निघाली की गाव दुष्काळाच्या यादीबाहेर राहत असे. मग ज्याच्या हलक्या रानात काहीच पिकले नाही, तोही काळ्या कसदार जमिनीच्या शेजाऱ्यामुळे ‘बरा’ ठरत असे. सरासरी खोटे बोलत नाही. पण ती एकेका माणसाविषयी बोलत नाही, आणि आपण तिला तसे बोलावयास लावतो.

फलंदाजी केली नाही

वाचकहो, मघाशी एक शेरा लक्षात ठेवा म्हटले होते : ‘फलंदाजी केली नाही’. क्रिकेटमध्ये हा शेरा निरुपद्रवी आहे. शाळेत तो तसा नाही.

दरवर्षी निकालाचे फलक लागतात. समजा, एका शाळेत पाचवीला ६० मुले-मुली दाखल झाली. दहावीच्या परीक्षेला त्यांतली ४० बसली आणि ३६ उत्तीर्ण झाली. फलकावर काय लागेल? ‘निकाल ९० टक्के’. पेढे वाटले जातील, हारतुरे होतील. आणि त्या ३६ मुलांनी व त्यांच्या शिक्षकांनी घेतलेल्या मेहनतीचे कौतुक व्हावयासच हवे. पण खालचा अंक ४० धरला आहे. तोच ६० धरा. ३६ भागिले ६०, निकाल ६० टक्के. वीस मुले गेली कुठे? कोणी कापूस वेचावयास, कोणी आईबापांबरोबर ऊसतोडीला, कोणी गॅरेजमध्ये, कोणी चहाच्या टपरीवर. मुली सातवीनंतर घरी बसल्या, कारण पुढची शाळा दुसऱ्या गावी होती. त्यांच्या नावापुढे आपल्या वहीत ‘फलंदाजी केली नाही’ असा शेरा बसला आणि सरासरीला धक्काही लागला नाही.

हे केवळ माझे म्हणणे नव्हे. २००६ साली न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीने आपला अहवाल दिला. ६ ते १४ वयाच्या मुस्लिम मुलांपैकी सुमारे २५ टक्के मुले एक तर शाळेत कधी गेलीच नव्हती, किंवा मधूनच गळाली होती, असे त्यात नोंदले आहे. चौघांतला एक! निकालाच्या कोणत्याही फलकावर हा चौथा मुलगा दिसत नाही, कारण तो खालच्या अंकातच नाही.

मग करावयाचे काय? क्रिकेटच्या त्याच नियमांनी मला दोन गोष्टी सुचविल्या, त्या आपल्यापुढे ठेवतो.

पहिली अशी की, फलकावर दोन आकडे लिहावेत. परीक्षेला बसलेल्यांपैकी किती उत्तीर्ण झाले हा एक, आणि पाचवीला दाखल झालेल्यांपैकी किती पार पडले हा दुसरा. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा लहान निघेल, कदाचित लाजही वाटेल. पण जी संस्था स्वतःचा खालचा अंक लपवीत नाही, तिलाच तो सुधारता येतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. गळालेल्या मुलाला आपण ‘बाद’ समजतो. तो बाद नाही. तो दुखापतीने तंबूत परतलेला फलंदाज आहे. क्रिकेटचा नियम आहे की, असा फलंदाज बरा झाला म्हणजे त्याच डावात परत येऊन, जिथे थांबला होता त्याच धावसंख्येवरून पुढे खेळू शकतो. आपल्या राज्यातही तशी सोय आहे. शाळा सुटलेल्या मुलामुलीला १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येते. किती घरांना हे ठाऊक आहे? सुट्टीच्या दिवशी शिक्षकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी जुना दाखल-खारीज रजिस्टर उघडून, त्यातल्या नावांच्या घरी जाऊन हा फॉर्म दाखविला, तरी खालच्या अंकातून निसटलेली काही नावे परत येतील.

मुलींच्या बाबतीत तर हे दुप्पट खरे आहे. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत भारताच्या मुलींनी एकदिवसीय विश्वचषक जिंकला; सांगलीत वाढलेली स्मृती मानधना त्या संघात होती. त्या मुलींच्या हाती कोणी तरी वेळेवर बॅट दिली होती. ज्यांच्या हाती दिली गेली नाही, त्यांची सरासरी कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही.

इब्राहीमच्या चार डावांपुढची ती आडवी रेघ आठवा. मोजण्याची वेळ अजून आलेली नाही, असे ती सांगत होती. आपल्या मोहल्ल्यातल्या, वस्तीवरल्या ज्या मुलामुलींच्या नावापुढे आज काहीच लिहिलेले नाही, त्यांच्याविषयीही एवढेच म्हणता येते. त्यांना आधी मैदानात उतरवू या. भागाकार मागाहून करू. या कामी अल्लाह आपणां सर्वांस हिंमत आणि चिकाटी देवो, हीच प्रार्थना.